हृदयाची ‘हॉट रिपेअर’ : परळच्या सुईपासून पेशींच्या रोपणापर्यंत



कोक ओव्हनमध्ये ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. बॅटरी एकदा तापली की ती थंड होऊ द्यायची नसते. सिलिकाच्या विटा थंड होताना तडकतात. ब्लास्ट फर्नेस बंद करून तिची कॅपिटल रिपेअर करता येते. ओव्हनची भिंत मात्र धगधगत असतानाच दुरुस्त करावी लागते. शेजारचे ओव्हन चालू असतात, आणि नवी वीट जुन्या भिंतीशी एकजीव झाली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. तिला आपण ‘हॉट रिपेअर’ म्हणतो.

माणसाचे हृदय याच जातीचे यंत्र आहे. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, रविवार नाही, शटडाऊन नाही. ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन लावून काही तास ते थांबवता येते, तेवढीच काय ती विश्रांती. अशा चालत्या पंपाचा स्नायू झिजला, तर त्यात नव्या पेशी रुजवून तो दुरुस्त करता येईल काय? गेली पन्नास-साठ वर्षे जगभरचे डॉक्टर या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्याचा एक जुना धागा मुंबईतील एका महापालिकेच्या रुग्णालयाशी जोडलेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मी डॉक्टर नाही, प्लांटमधून निवृत्त झालेला माणूस आहे. माझी पुतणी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेली डॉक्टर आहे. तिच्याकडून समजून घेऊन हा इतिहास आपणापुढे मांडत आहे. आपल्या मंडळातील बहुतेक सभासद आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत, आणि हृदयाचा विषय आपल्या प्रत्येकाच्या घराशी येऊन थांबलेला आहे.

पंप मंदावतो म्हणजे काय?

‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द ऐकला की हृदय बंद पडले असेच वाटते. तसे नसते. हृदय चालू असते, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते, रात्री उशा वाढवून झोपावे लागते. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूच्या सुमारे शंभर कोटी पेशी मरू शकतात. त्यांच्या जागी नवा स्नायू येत नाही, नुसता व्रण तयार होतो. व्रण भोक बुजवतो, पण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर सगळा भार पडतो आणि तोही हळूहळू थकतो.

कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तरी ते वाढते. मग हृदयच का नाही? याचे उत्तर २००९ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी फार गमतीशीर मार्गाने शोधले. १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या, त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला. अन्नावाटे तो माणसाच्या पेशींत गेला आणि कोणती पेशी कधी जन्मली याची तारीखच जणू तिच्यावर छापली गेली. त्यावरून हिशेब निघाला की पंचविशीत हृदयाच्या स्नायूच्या वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, आणि पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे दुरुस्तीखाते आहे, पण त्यात माणसे फारच थोडी.

यातून दोनच वाटा निघतात. अख्खा पंप बदलायचा, किंवा आहे त्याच पंपात बाहेरून पेशी घालायच्या. या दोन्ही वाटांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

परळचे डॉ. सेन

मुंबईच्या परळ भागात महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून आहे. गिरणगावातील कामगार, कोकणातून आलेले चाकरमानी, गरीबगुरीब यांचा तो आधार. तेथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शल्यचिकित्सक होते. जन्माने बंगाली, कर्मभूमी मुंबई. आपल्यासारखाच परमुलखात रुजलेला माणूस. साधने बेताची होती, पण त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि भोवती जिद्दी सहकारी जमवले.

१९६५ साली त्यांच्या चमूची दोन कामे प्रसिद्ध झाली. पहिले म्हणजे कुत्र्यांवर केलेल्या हृदयरोपणाच्या शंभर प्रयोगांचा अहवाल. त्यात डॉ. परुळकर, डॉ. पांडे आणि पॅथॉलॉजीच्या डॉ. किणरे हे सहकारी होते. शंभर प्रयोग झाले तरी त्यांनी अहवालाला ‘प्राथमिक’ म्हटले, हे मला विशेष वाटते.

दुसरे काम सुईचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला बरेचसे रक्त आतल्या कप्प्यातूनच, स्नायूतील बारीक पोकळ्यांवाटे मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील, तर स्नायूला सुईने बारीक भोके पाडून कप्प्यातील रक्त थेट स्नायूत खेळवता येणार नाही का? असा तो विचार होता. या कामात डॉ. सेन यांच्यासोबत डॉ. तेहमटन उडवाडिया होते, जे पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देशभर नावाजले. बायपास अजून सर्रास झालेली नव्हती, त्या काळात थकलेल्या हृदयाच्या स्नायूत सुई खुपसून त्याला जगवण्याची ही कल्पना परळमध्ये निघाली.

तिचे पुढे काय झाले? पाश्चात्त्य देशांत सुईच्या जागी लेसर आला. १९९८ साली अमेरिकेत अशा लेसर यंत्राला सरकारी मान्यता मिळाली. रुग्णांना छातीतल्या दुखण्यात आराम पडत असे. पण पाडलेली भोके लवकरच बुजतात असे आढळले. मग आराम कशाने पडतो? पायाच्या शिरेतून नळी घालून लेसर देण्याच्या पद्धतीची एक चाचणी झाली. तिच्यात काही रुग्णांवर नुसता उपचाराचा देखावा केला, प्रत्यक्ष लेसर दिलाच नाही. २००५ साली निष्कर्ष आले. देखावा केलेल्यांनाही जवळजवळ तितकाच आराम पडला होता! वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. रुग्णाला बरे वाटणे आणि हृदय बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन तास आणि चौदा तास

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी के.ई.एम.मध्ये हृदयरोपण केले. माणसाचे हृदय माणसाला बसवण्याची ती जगातील सहावी शस्त्रक्रिया होती, आणि तोवर जगात फक्त तीन चमूंनी हे धाडस केले होते. आपली पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली, त्याला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. देश किती लहान होता आणि उडी किती मोठी, हे त्यावरून कळेल.

नवे हृदय धडधडले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर डॉ. सेन यांनी माणसावर हृदयरोपण केले नाही.

त्या वर्षी जगभर शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत दगावले. परके हृदय शरीर स्वीकारत नव्हते. बहुतेक ठिकाणी हे काम थांबले. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शुमवे यांच्यासारख्या थोड्यांनी प्रयोगशाळेतला अभ्यास चिकाटीने चालू ठेवला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर हृदयरोपण पुन्हा मार्गी लागले.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. मेंदू मृत झाला पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत मानण्याचा कायदाच नव्हता. तो १९९४ साली संसदेत झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. आणि मुंबई? तेथे पुढचे हृदयरोपण २०१५ साली, तेही ३ ऑगस्टलाच, मुलुंडला डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने केले. हृदय पुण्याहून आले होते. मधे ४७ वर्षे गेली होती! आता ३ ऑगस्ट हाच आपला राष्ट्रीय अवयवदान दिन आहे.

डॉ. सेन यांना १९६९ साली पद्मभूषण मिळाले, १९८२ साली ते गेले. त्यांचे रुग्ण वाचले नाहीत म्हणून काहीजण त्यांना अपयशी म्हणतील. मला तसे वाटत नाही. शंभर प्रयोग केल्याशिवाय त्यांनी माणसाला हात लावला नाही, जे घडले ते जगापुढे ठेवले, आणि जमत नाही असे दिसल्यावर थांबले. पुढच्या कथेत या तिन्ही गोष्टींची वारंवार उणीव भासते.

सुईतून पेशी

दात्याचे हृदय मिळणे कठीणच. म्हणून दुसरी वाट पुढे आली : रुग्णाच्याच अंगातील पेशी काढून त्याच्या हृदयात टोचायच्या.

मांडीच्या स्नायूत दुरुस्तीसाठी राखीव पेशी असतात. १९९८ साली अमेरिकेतील डोरिस टेलर आणि सहकाऱ्यांनी अशा पेशी सशाच्या जखमी हृदयात घातल्या व पंपाचा जोर सुधारल्याचे नोंदवले. जून २००० मध्ये पॅरिसचे डॉ. फिलिप मनाशे यांनी ७२ वर्षांच्या रुग्णावर बायपास करताना त्याच्याच मांडीतून वाढवलेल्या पेशी हृदयाच्या व्रणात टोचल्या. माणसावरील हा पहिला प्रयोग जगभर गाजला. मनाशे यांनी पुढे रीतसर चाचणी घेतली. ९७ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. पंपाचा जोर अपेक्षेप्रमाणे वाढला नव्हता. शिवाय ठोके अनियमित होण्याचा धोका होताच, म्हणून सर्व रुग्णांना शॉक देणारे यंत्र बसवावे लागले होते. मांडीच्या पेशी जगल्या तरी शेजारच्या हृदयपेशींशी त्यांचे विजेचे नाते जुळत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर वीट बसली, पण भिंतीशी एकजीव झाली नाही.

दरम्यान अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांतील मगजाची लाट आली. २००१ साली न्यूयॉर्कजवळील एका प्रयोगशाळेतून डॉ. पिएरो अँव्हेर्सा यांच्या चमूने जाहीर केले की मज्जेतील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, उंदराच्या हृदयात घातल्यास तेथे नवा हृदयस्नायू तयार होतो. त्याच वर्षापासून जर्मनीत रुग्णांच्या रक्तवाहिनीतून अशा पेशी सोडण्यास सुरुवात झाली. २००४ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र चमूंनी तोच प्रयोग करून पाहिला. मज्जेच्या पेशींचा हृदयस्नायू होताना त्यांना दिसला नाही. पण तोवर गाडी सुटली होती. जर्मनीतील हॅनोव्हरच्या चाचणीत सहा महिन्यांनी फायदा दिसला, अठरा महिन्यांनी तो फरक उरला नाही.

२०१४ साली लंडनच्या संशोधकांनी अशा ४९ चाचण्यांचे छापील अहवाल ओळीने तपासले. बेरजा न जुळणे, एकाच तक्त्यात परस्परविरोधी आकडे, अशा विसंगती त्यांनी मोजल्या. ज्या चाचणीत विसंगती जास्त, तिच्यात फायदाही मोठा दाखवलेला. ज्या मोजक्या चाचण्यांत एकही विसंगती नव्हती, त्यांत फायदा शून्याच्या आसपास! ज्यांनी लॉगबुक तपासली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पुढे अँव्हेर्सा हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात गेले होते. २०१८ साली हार्वर्ड व त्या रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली, कारण त्यांतील माहिती खोटी वा बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला होता.

आपल्याकडे

भारतही मागे नव्हता. एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्याच पुढाकाराने रुग्णाच्या मज्जेतील पेशी कमकुवत हृदयात घालण्याचे काम झाले. २००५ साली वर्तमानपत्रांत त्याचा मोठा गाजावाजा झाला. जे शल्यचिकित्सक अख्खे हृदय बदलण्यात देशात यशस्वी झाले, तेच पेशींच्याही वाटेवर पुढे होते. एम्सच्याच हृदयरोगतज्ज्ञांनी तुलनेचा गट ठेवून छोटी चाचणी केली. २००६ च्या अहवालात पंपाच्या जोरात काहीशी सुधारणा नोंदवली होती. पण अटॅक आलेल्या २५० रुग्णांची जी मोठी भारतीय चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पेशी दिलेल्या व न दिलेल्या गटांत एकूण लक्षणीय फरक आढळला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७ पासून नियमावली केली. २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी-रोपण सोडल्यास इतर आजारांत हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येणार नाही.

हे सारे कागदावर होते. आमच्या एका जुन्या सहकाऱ्यापर्यंत ते पोचले नाही. पंप तीस टक्क्यांच्या खाली गेलेला, औषधांवर संसार बरा चाललेला. कुठल्याशा मोठ्या शहरातील एका केंद्राची जाहिरात कोणीतरी दाखवली : ‘तुमच्याच पेशी, नवे हृदय.’ निवृत्तीच्या पैशांतून काही लाख गेले. परत आल्यावर महिनाभर गडी खूष होता, सिव्हिक सेंटरपर्यंत पायी फिरून येई. नव्या पेशी आता काम करतील या भरवशावर त्याने गोळ्या हळूहळू सोडल्या. पावसाळा संपेपर्यंत तो दोनदा भरती झाला, आणि पुढच्या वर्षी गेला. तेराव्यानंतर वहिनींनी मला विचारले, “भाऊजी, मग ते सगळं खोटंच होतं का हो?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज सांगू शकतो. वहिनी, ते विज्ञान खोटे नव्हते, ते अर्धवट होते. अर्धवट गोष्ट पूर्ण म्हणून विकली, ते खोटे होते.

आजची स्थिती

काम थांबलेले नाही, आणि ते थांबू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाचशेहून अधिक हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना दात्याच्या मज्जेतील पेशी किंवा देखाव्याचा उपचार दिला होता. रुग्णालयात वारंवार भरती होणे कमी व्हावे हा मुख्य हेतू. तो साधला नाही. पण चाचणी प्रामाणिक होती, आणि हेतू साधला नाही हे तिने सरळ छापले.

दुसरीकडे नवी वीट मिळाली आहे. जपानचे डॉ. शिन्या यामानाका यांनी २००६ साली साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीसारखी करण्याची युक्ती शोधली. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. अशा पेशींपासून खराखुरा, धडधडणारा हृदयस्नायू प्रयोगशाळेत वाढवता येतो. जानेवारी २०२० मध्ये ओसाका येथे डॉ. योशिकी सावा यांच्या चमूने त्याची पातळ चादर रुग्णाच्या हृदयावर बसवली. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी अशा स्नायूचे ठिगळ तयार केले. आधी माकडांवर, मग हार्ट फेल्युअरच्या एका महिलेवर ते लावले. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले. काढलेले जुने हृदय तपासले, तेव्हा ठिगळातील स्नायू जिवंत होता. २०२५ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. पेशी टिकतात, हे त्यातून दिसले. आयुष्य वाढते की नाही, हे मोठ्या चाचण्यांतूनच ठरेल.

तोवर आपण काय करावे? पुतणीने सांगितलेले येथे देतो. आज हार्ट फेल्युअरसाठी चार गटांची औषधे आहेत आणि ती आयुष्य वाढवतात हे हजारो रुग्णांवर सिद्ध झाले आहे. त्यातली एक गोळी तर मूळची मधुमेहाची. २०१९ साली ती हृदयालाही उपयोगी असल्याचे दिसले. कोणतीही गोळी मनाने सोडू नये. मीठ कमी करावे, रोज सकाळी वजन लिहून ठेवावे. तीन-चार दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवावे. कोणी स्टेम सेलचा उपचार सुचवला, तर दोन प्रश्न विचारावेत : ही नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि पैसे कोण देणार? खऱ्या चाचणीत प्रयोगाचे बिल रुग्णाच्या हाती देत नाहीत.

आणि शेवटची विनंती. पेशी, चादर, ठिगळ यांचे काय व्हायचे ते होईल, पण अगदी शेवटच्या टप्प्यातील हार्ट फेल्युअरवर आज सर्वांत भरवशाचा उपाय दात्याचे हृदय हाच आहे. १९६८ साली के.ई.एम.मध्ये नव्हता तो कायदा आज आहे. कमतरता आहे ती होकार देणाऱ्या कुटुंबांची. यंदाच्या उत्सवात सगळी मंडळी एकत्र जमणारच आहेत. अवयवदानाबद्दल आपली इच्छा काय आहे, ती या दहा दिवसांत एकदा घरच्यांना स्वच्छ सांगून ठेवावी. प्रसंग येतो तेव्हा सही त्यांना करायची असते.